दाराशेजारची शीला

अमेरिकेतल्या पार्सिपनीहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. मला पानगळीचे रंग दाखवायचे म्हणून माझ्या भाचीने, केतकीने, शनिवार मोकळा ठेवला होता. उत्तरेकडच्या डोंगरात शिरलो आणि धुकं उतरलं, एक वळण चुकलं. "मावशी, रेंजच गेली," ती म्हणाली. "कोणी दिसलं तर विचारू."

दिसलं ते एक दगडी प्रार्थनाघर. आयर्लंडमधल्या पडक्या चर्चचे दगड कोण्या श्रीमंताने जहाजातून आणून ते बांधलं, असं पाटीवर लिहिलं होतं. पाटी वाचून मान वळवली आणि दचकले. दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, एक उघडी बाई कोरलेली. टक्कल, वर आलेल्या बरगड्या, आणि दोन्ही हातांनी तिने आपली योनी फाकून धरलेली. आपली लज्जागौरी मला ठाऊक होती. पण तिला डोक्याच्या जागी कमळ असतं. हिला चेहरा होता, आणि डोळे आमच्यावर रोखलेले.

"शीला-ना-गिग," मागून आवाज आला. (जुन्या आयरिश चर्चवरच्या अशा स्त्रीमूर्तींचं हे नाव.) तिथली देखभाल करणारी नोरीन नावाची म्हातारी उभी होती. "कोणी म्हणतं, पापाची भीती घालायला कोरली. कोणी म्हणतं, बाळंतिणींना राखायला. खरं कोणालाच माहीत नाही."

मग तिने केतकीकडे पाहिलं. "कितवा महिना?"

केतकी पांढरीफटक पडली. पोट दिसत नव्हतं. मलाही काही ठाऊक नव्हतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

नोरीन नुसती मूर्तीकडे पाहत राहिली.

केतकीने हळूच दगडावर हात ठेवला. "मावशी, गरम आहे." मीही ठेवला. बर्फासारखा गार होता.

नोरीनने दाखवलेल्या रस्त्याने आम्ही निघालो. वाटेतल्या डायनरमध्ये अ‍ॅपल पाय तसाच निवत राहिला. "दोनदा मिसकॅरेज झालं, मावशी," केतकी म्हणाली. "म्हणून या वेळी निखिललापण सांगितलं नाही. नवरा असा रडताना परत नाही बघवणार मला."

"एकटीने भिऊ नकोस. आज सांग त्याला."

तिने सांगितलं. मी वरच्या खोलीत होते. खाली दोघांचं बोलणं आणि रडणं बराच वेळ चाललं होतं.

मी साताऱ्याला परतले. उन्हाळ्यात फोन आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. देवळात नारळ फोडायला गेले. हात जोडून डोळे मिटले, तर समोर तीच दगडातली बाई. अंगावर काटा आला. पण डोळे उघडले नाहीत. तिला मनापासून नमस्कार केला आणि मगच उघडले.