केळीचा काना

मुलीचं लग्न ठरलं त्याच महिन्यात मला चिनी चित्रकलेचं खूळ लागलं. चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो तरी हात काही स्वस्थ बसत नव्हते, आणि जळगावात एका रद्दीवाल्याकडे या विषयावरचं जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात वाचलं की तिकडे पूर्वी आधी बाहेरची रेघ काढत आणि मग आत रंग भरत. पुढे रोज कुंचल्यानं लिहिणारी विद्वान मंडळी चित्राकडे वळली आणि त्यांनी अक्षराचीच रेघ चित्रात आणली. बांबूचं पेर एका दाबात ओढायचं, थांबायचं, उचलायचं. पान एका फटकाऱ्यात. दगडाला कोरडा कुंचला, मध्ये कागद पांढरा सुटला पाहिजे. मग हस्ताक्षरावरून माणूस ओळखावा तसा रेघेवरून चित्रकार ओळखू यायला लागला.

मला हे पटेना. अक्षराचा आणि बांबूचा काय संबंध? सबंध नोकरीत मी मुलांना आधी पेन्सिल, मग रंग असंच शिकवलं होतं. पण उत्सुकता गप्प बसू देईना. शाई आणली आणि पंधरा दिवस बांबू काढले. सगळे दांडके निघाले. बायको म्हणाली, निदान केळ तरी काढा, ती आपल्या ओळखीची आहे.

त्यातच मुलीनं हट्ट धरला. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर रंगानं ‘शुभविवाह’ लिहितात, खाली नावं, दोन्ही बाजूंना केळी. हल्ली फ्लेक्स टांगतात. तिला फ्लेक्स नको होता. अक्षरं कुणीही लिहू दे, केळ मात्र बाबांच्या हातची हवी, सासरी निघताना मला ती बघायची आहे, असं तिनं सांगितलं. मी हसण्यावारी नेलं, पण त्याच रात्री पेन्सिलीला टोक केलं.

अक्षरांसाठी एरंडोलचे एक पेंटर आले. साठी उलटलेले, उभी हयात पाट्या रंगवण्यात गेलेली. मी नोकरीत असताना ते शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायला यायचे. एकदा त्यांनी कडेला फुलं काढू का म्हणून विचारलं, तर मी तोऱ्यात म्हणालो होतो, तुम्ही अक्षरं सांभाळा, चित्रं माझ्याकडे. मला ते आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार.

हळदीच्या दिवशी सकाळी मी डाव्या बाजूला पेन्सिलनं केळ आखली आणि रंग भरला. तीन तास गेले. केळ अशी ताठ उभी राहिली की पोलीस भरतीला आली आहे असं वाटावं. पेंटर तोवर नावं लिहीत होते. चुन्याची ताजी भिंत रंग लगेच पिते, खोडायची सोय नाही. तरी त्यांचा ब्रश कुठे अडखळला नाही. काना ओढताना वर दाब, खाली सोड. मी बघतच राहिलो. माझ्या पुस्तकातला बांबू इथे आमच्या मेहरूणमधल्या घराच्या भिंतीवर उतरत होता आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

पेन्सिलीशिवाय कसं जमतं, असं मी विचारलं.

“सर,” ते त्यांच्या अहिराणी वळणानं म्हणाले, “तुम्ही सही करतांना पहिले पेन्सिल फिरावतस का?”

मी माझ्या केळीवर चुना फासला. भिंत वाळेपर्यंत उजवीकडची केळ तुम्हीच काढा, अशी त्यांना विनंती केली. त्यांनी ब्रश उचलला. खोड म्हणजे एक लांबलचक काना. पानं म्हणजे देठापासून दाबत नेऊन टोकाला उचललेल्या वेलांट्या. दहा मिनिटांत केळ झाली.

मग माझी पाळी. पेन्सिल खिशातच ठेवली. काना निम्म्यात कलला, एक पान जास्तच लोंबलं. मी दुरुस्तीला ब्रश पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ द्या, सर. हात तुमनाच शे.”

हात माझाच होता, म्हणून मी ब्रश खाली ठेवला.

संध्याकाळी हळदीनं माखलेली मुलगी अंगणात आली. कोणती केळ कुणाची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. उजवीकडची इतकी डौलदार होती की मला धाकधूक वाटत होती. तिनं दोन्हीकडे पाहिलं, सरळ डावीकडे गेली आणि कललेल्या खोडावर हात ठेवला.

“ही तुमची, बाबा. तुमच्यासारखीच पोक काढून उभी आहे.”

मी पाठ ताठ करायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.