उलट्या अक्षरांची तबकडी

धातूची कुठलीही वस्तू हातात आली की आबा ती आधी गमछ्याने घासायचे. पेला, चमचा, आमच्या दाराची किल्लीसुद्धा. मग ती पुढे करत म्हणायचे, "मयकं देवानं नही, सर." कुणाला मळकं काही द्यायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपण उगाच स्वतःची नखं तपासतो.

आबा खानदेशातले. राहायला गोडादऱ्याला, कामाला कामरेजच्या तांब्याच्या भट्टीवर. रविवारी ते डिंडोलीला माझ्याकडे जुन्या रेकॉर्डी ऐकायला यायचे. एकदा मी त्यांना सांगितलं, की गाणं आधी तांब्याच्या मूळ तबकडीवर उतरायचं आणि तिच्यावरून बाजारातल्या रेकॉर्डी दाबून काढत. तिच्यावर खाचा नसतात, केसाएवढ्या उंच रेषा असतात; गाणं त्या रेषांतच. अक्षरंही उलटी. बहुतेक सगळ्या भंगारात गेल्या.

मग एका दुपारी शाळेत त्यांचा फोन आला. "सर, उलट्या अक्षरनी तबकड्या उन्यात. शेठ म्हने, सांजलोंग समदं भट्टीमा. मी एक मांडीखाले धरी बठेल शे."

"सोडू नका," मी म्हणालो आणि संध्याकाळच्या आत पोचायचं म्हणून तास अर्धवट टाकून स्कूटर काढली. पुलावर ट्रक अडले होते. हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखायला लागला.

पोचलो तोवर बाकीच्या वितळल्या होत्या. शेठच्या हातापाया पडून वाचवलेली ती एक गमछ्यात गुंडाळून आबा फाटकाशी उभे होते. गमछा उघडला तर आत लखलखीत आरसा. मला द्यायची म्हणून त्यांनी ती पॉलिशच्या चाकावर धरली होती. रेषा साफ गेल्या होत्या. मधोमध गायिकेच्या नावाचा शेवट तेवढा राहिला होता, उलटा 'बाई'. घासू नका, एवढंच सांगायचं मी विसरलो होतो.

"काय गास ही बाई?" आबांनी विचारलं. "माले ऐकाडा."

त्या रविवारी मी तीच म्हणून दुसऱ्याच बाईंची रेकॉर्ड लावली. आबा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मी जास्ती घासं का, सर?"

"नाही, आबा."

ते चहाचा पेला न पुसताच खाली ठेवून निघाले. मला तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पुढे ते गावी गेले आणि तिकडेच वारले.

तबकडी आता काळी पडली आहे. दिवाळीत बायको ती घासायला घेते आणि दरवर्षी मी ती तिच्या हातातून काढून घेतो.