खालचा अर्धा कागद

पाककृतीचा पंचनामा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तेलंगणातल्या इचोड्याला भाड्याचं घर घेऊन मला दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी शेजारून हाक आली, "ओ मास्तर, जरा पंच म्हणून या!" कुठे मारामारी झाली की चोरी, अशा विचारात मी धावत गेलो. स्वयंपाकघरात एक उंच, काळासावळा, तापलेला गृहस्थ उभा. समोर ताटात काहीतरी पिवळं पसरलेलं.

"खाऊ नोका," ते म्हणाले. "आधी पाहा. मंग सही करा."

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मौजे इचोडा येथे पंचांसमक्ष सदर पुस्तकातील सुरळीच्या वड्या करून पाहिल्या. सुरळी झाली नाही. पीठ किती वेळ शिजवावे याचा लेखिकेने खुलासा केलेला नाही, "अंदाजाने" असे म्हटले आहे. अंदाज कोणाचा, ते नमूद नाही. सबब पदार्थ नामंजूर.' मी सही केली. माझ्या सहीखाली, दाराशी बसलेल्या, चौकात भाजी विकणाऱ्या बाईंचा अंगठा आधीच उमटलेला होता. मग आम्ही तिघांनी मिळून तो नामंजूर पदार्थ चमच्याने खरवडून संपवला.

हे कवडूजी दुर्गे. सगळा इचोडा त्यांना गिरदावर म्हणायचा, तेलुगू दुकानदार आदराने गिरदावर गारू म्हणायचे आणि मी काका म्हणू लागलो. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला, गावोगाव फिरून शेताची पाहणी करणारा माणूस. बांधाचं भांडण असो की पिकाचं नुकसान, काका स्वतः जागेवर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'जायमोक्यावर' गेल्याशिवाय अक्षर लिहायचे नाहीत. नोकरीतली ही खोड घरी आली आणि पुस्तकांना लागली.

पुस्तकं फक्त खाण्याची. तीन कपाटं भरून. पाककृतींची, आठवणींची, रविवारच्या पुरवण्यांतली कात्रणं चिकटवलेल्या वह्या. कादंबरीचं नाव काढलं की चिडायचे. "दोनशे पानं झाली तरी लेखक कोनाले जेवू घालत नाही. असल्या घरी आपून काऊन जावं?" पण एखादा लेखक पुरणाच्या पोळीला पापुद्रा कसा सुटतो हे नीट लिहून गेला, की काका पुस्तक छातीवर ठेवून डोळे मिटायचे. ओठ हलायचे. घास गिळल्यासारखा गळा हलायचा. "पाहा मास्तर, तूप याच्या वाक्यातून गळून राह्यलं. पानाले डाग पडन." आणि खरोखर पान उलटून मागे डाग पडलाय का बघायचे! एक लेखक त्यांना आवडायचा कारण तो वांग्याबद्दल लिहिताना घाई करत नसे. दुसरा आवडायचा कारण त्याने कबूल केलं होतं की आपली खिचडी बुडाशी लागली. "खरा मानूस. याची साक्ष मी कोर्टात मानीन."

आणि राग? रागाचं कायमचं ठिकाण म्हणजे तीन शब्द: 'चवीपुरते मीठ घालावे.' ते आले की काका उठून उभे राहायचे. "कोनाच्या चवीपुरतं? तुया की माह्या? घाम गाळून आलेल्या मानसाले मीठ जास्त लागते. खुर्चीवरल्याले कमी. हे काय लिहिनं झालं? जमिनीचा नकाशा काढला आन् म्हनलं, बांध मनापुरता टाका!" त्यांच्या पत्नी सुमनकाकू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायच्या, "यायले मीठ नोको सांगतलं हाय डॉक्टरनं. म्हून मिठावर राग."

हे वेड कुठून आलं, ते एका पावसाळी दुपारी कळलं. काकांची आई भागाबाई तलमडुगुकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या कापसात मजुरी करायची. तिला अक्षर येत नव्हतं. गावातल्या किराणा दुकानात माल हद्दीपलीकडच्या किनवटहून यायचा आणि तिखट-हळदीच्या पुड्या मराठी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या असायच्या. शाळेत जाणाऱ्या कवडूकडून आई जेवताना त्या पुड्यांचे कागद वाचून घ्यायची. पुण्याच्या एका बाईंचं खाण्यावरचं सदर त्यात बऱ्याचदा निघायचं. ताटात भाकर आणि मिरची, आणि आई विचारणार, "वाच रे कवडू, आज काय हाय?"

"आज बासुंदी हाय, मा."

कवडू वाचायचा. आई भाकरीचा तुकडा मोडून, चावून, विचार करून म्हणायची, "साखर जराशी जास्त झाली वाट्टे."

पण पुडीचा कागद म्हणजे फाडलेला अर्धा कागद. 'दूध आटत आले की' एवढ्यावर बासुंदी तुटली. पुढे काय करायचं ते खालच्या अर्ध्यात, आणि खालचा अर्धा कोणाच्या घरी हळद घेऊन गेला कोण जाणे. पंधरा दिवस त्या घरात दूध आटत होतं. कवडू रोज दुकानात जाऊन पुड्या उलटून बघायचा. आई म्हणायची, "आटू दे बाप्पा, आपल्याले घाई काय हाय?"

हे सांगताना काका इतके हसले की ठसका लागला. "नोकरी लागली आन् पयले त्या बाईचं पुस्तक मागवलं. पाहू तरी, दुधाचं पुढं काय झालं! पन तवर माय गेली होती." हसू तिथेच थांबलं. मला त्या दिवशी समजलं की त्या पुण्याच्या बाई म्हणजे काकांच्या लेखी कोण होत्या. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. काकांना वाचायला शाळेने शिकवलं ते नावापुरतं, खरं शिकवलं ते या बाईंनी.

आणि याच बाईंनी घात केला. सहा-सात वर्षांपूर्वी त्या हैदराबादहून नागपूरला गाडीने गेल्या आणि त्या प्रवासावर लेख लिहिला. आमच्या पट्ट्याला त्यात एकच ओळ आली: इथल्या माणसांना भूक आहे, पण चव नाही. काकांनी ती ओळ वाचली आणि चष्मा टेबलावर असा आपटला की एक काच गेली. उरलेल्या एका काचेतून त्यांनी पत्र लिहिलं. मी शेजारी होतो, अर्धं मला पाठ आहे: 'आपण जायमोक्यावर न उतरता, चालत्या गाडीतून अहवाल दिला आहे. सबब तो रद्द समजण्यात येत आहे. आपण समक्ष हजर राहून जेवावे.'

मला वाटलं, उत्तर येणार नाही. पुढच्या हिवाळ्यात बाई स्वतः आल्या! नागपूरला जाताना वाटेत थोडं थांबून. सत्तरी पार केलेल्या, ठेंगण्या, हसतमुख. सुमनकाकू माझ्या कानात म्हणाल्या, "हे सकाळपासून तीनदा कपडे बदलून राह्यले. आमच्या लग्नात एकदाच बदलले होते."

जेवायला अंबाडीची भाजी होती, ज्वारीच्या कण्या घालून भागाबाई करायची तशी. वरून लसणाची फोडणी, सोबत भाकर. बाई जेवायला बसल्या आणि काका भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी हळदीचे डाग पडलेला एक कागद काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बासुंदी. बाईंची, त्यांनी तरुणपणी लिहिलेली. 'दूध आटत आले की' इथे ते थांबले. बाईंचा घास हातात राहिला. मग त्यांनी कण्यांची भाजी पुन्हा वाढून घेतली, आणि तिसऱ्यांदाही घेतली. म्हणाल्या, "असा आंबटपणा मी कुठेच खाल्ला नाही. याची कृती मला द्याल?"

काकांनी ती लिहूनच ठेवली होती, एका पानावर. पण पान हातात धरून ठेवलं. "एक अट हाय बाई. मायचं नाव छापा. आन् गावच्या विहिरीवर तिले हात लावू देत नव्हते, ते बी छापा. भाजीच्या संगंच छापा."

बाईंनी ताट जरा पुढे सरकवलं. मग फार गोड आवाजात म्हणाल्या, "दुर्गेसाहेब, वाईट वाटतं हो ऐकून. पण माझं सदर लोक रविवारी सकाळी चहाबरोबर वाचतात. तिथे हे नको. नुसती भाजी देऊ या."

मला वाटलं, आता ताट उडणार. काकांनी काहीच आपटलं नाही. पान मधोमध दुमडलं, नखाने घडी दाबली, फाडलं आणि वरचा अर्धा बाईंच्या हातात दिला.

"हे अर्धं," ते म्हणाले. "मले तुमच्याकडून अर्धंच भेटत होतं."

बाई हसल्या. त्यांना ती गंमत वाटली असावी.

दोन महिन्यांनी लेख आला. 'तेलंगणातल्या एका साध्या घरची अंबाडी'. घराला नाव नाही, माणसाला नाही, भागाबाईला तर नाहीच. वरच्या अर्ध्यातलं सगळं जसंच्या तसं, आणि कागद जिथे तुटला होता तिथून पुढे बाईंनी स्वतःच्या मनाने लिहिलं होतं: 'पाल्याचे पाणी पिळून फेकून द्यावे. चवीपुरते मीठ घालावे.'

काकांनी शेवटचा पंचनामा मांडला. बाईंच्या छापील शब्दाबरहुकूम भाजी केली. मी आणि काकू साक्षीदार. भाजी हिरवी होती, मऊ होती, आणि तिला काही म्हणायचं नव्हतं. मी पेन पुढे केलं. काकांनी घेतलं नाही. काही लिहिलंच नाही. तीन कपाटांना कुलूप लावलं, आणि ते पुन्हा उघडलेलं मी पाहिलं नाही. काकू म्हणाल्या, "हे बोंबलत होते तवर मले भीती नव्हती, मास्तर." काही दिवसांनी काकांनी खालचा अर्धा कागद माझ्याकडे आणून दिला. "तुमी दिवाळी अंकात लिहिता ना? ठेवा."

मी ठेवला. ठेवलाच. शाळा, परीक्षा, बदली, दरवर्षी काहीतरी निघायचं. पुण्याच्या बाईंना मी इतका वेळ नावं ठेवली, पण पाच वर्षं तो कागद दाबून बसणारा मीच होतो. गेल्या उन्हाळ्यात काका गेले. त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी काकूंनी पंगतीला अंबाडी आणि कण्याच केल्या. वाढताना त्या म्हणाल्या, "मास्तर, आज काय हाय? वाचा की." माझा कागद बदलीच्या गावी, पेटीत होता. मी खाली मान घालून जेवलो.

मागच्या महिन्यात त्या बाईंचं नवं पुस्तक आलं. 'एका साध्या घरची अंबाडी' त्यात आहे. पाणी अजून फेकलेलं आहे. मी पुस्तक मिटलं, पेटी उघडली. ज्यांच्याकडे ते पुस्तक असेल त्यांनी त्या पानावर हे चिकटवावं. खालचा अर्धा कागद, काकांच्या अक्षराबरहुकूम:

'…पाणी फेकायचे नाही. त्याच पाण्यात कण्या शिजवाव्या. कारण की गावच्या विहिरीवर आमचा हात चालत नव्हता. कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरे. त्यासाठी माझी आई अर्धा दिवस विहिरीपाशी बसे. तिच्यापाशी फेकायचे पाणी कधीच नव्हते. आंबटपणा त्याचा आहे.

मीठ: तीन बोटांची चिमूट, दोन वेळा. बोटे भागाबाई लक्ष्मण दुर्गे यांची. ती बारीक होती. ज्यांची जाड असतील त्यांनी एकदाच घालावे.

समक्ष खाल्ले. मंजूर.'