रात्रभराचं तेल

हे मी आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

आम्ही पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की आई-अण्णा कोयता घेऊन ऊसतोडीला. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, शेजारी पाटाचं पाणी, आणि डास — किती ते काय सांगू? मच्छरदाणी एकच. लहानपणी तिच्यात मी झोपायचे, अण्णा बाहेर पाय आखडून. त्यांनी माझ्या हातात कोयता कधी दिला नाही. संगमनेरला कॉलेजात घातलं. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्याचा ताठा मला होता — आजही आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी गवती चहाचं तेल काढलं. खोबरेलात मिसळलं, बाटलीत भरलं आणि सुट्टीत कोपीवर नेलं. अण्णांनी सगळी टोळी गोळा केली. "माझी पोरगी डास हाकलायचं शिकलीय."

"मग मुकादमाला बी हाकल की, बाई," मागून कुणी तरी म्हणालं. सगळे हसले.

अण्णांनी विचारलं, "रातभर पुरंल का गं?"

तासाभरात वास उडतो, डास पुन्हा बसतात — हे मला ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे? माझ्याच हातावर लावून पाहिलेलं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "पुरंल."

त्याच संध्याकाळी अण्णांनी मच्छरदाणी शेजारच्या कोपीतल्या बाळंतिणीला देऊन टाकली. माझ्यासमोर. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

मी कॉलेजला परतले. पुढे निरोप आला — अण्णांना हिवताप. गेले तर ते गोधडीत कुडकुडत होते, आई एकटीच ऊस तोडून आलेली. "त्या तेलाचा काय उपेग झाला?" ती म्हणाली. अण्णा तापातही तिच्यावर खेकसले, "मीच लावायचं इसरलो आसंल. पोरीच्या तेलाला नावं ठिवू नको."

मी त्यांच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत राहिले.

अण्णा बरे झाले. मी बी.एस्सी. झाले. आता नागापूरला असंच तेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे. 'दर तासाला पुन्हा लावा, मच्छरदाणीही वापरा' — ही ओळ मी भांडून बाटलीवर छापून घेतली.

परवा ती अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी बाटलीचं बूच उघडून वास घेतला.

"हे न्हाई तसलं," म्हणाले. "तुझं तेल रातभर चालायचं."

मी त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि बूच लावलं.