बनाकाकीचा घट

आमच्या गावात पुराचा विषय निघाला की मी उठून चालू लागतो. पाणी कधीच ओसरलं, पण पारावर बसलेला जो तो एकच पालुपद लावतो, "नदीनं न्हेलं." नदीनं न्हेलं म्हणे! भोगावती माझ्या पणजोबाच्या आधीपासून इथं वाहते आहे. दर पावसाळ्यात चढते, उतरते. तिला आत्ताच एवढी भूक कुठून लागली, हे कुणी विचारत नाही. विचारणार कसं? उत्तर सगळ्यांच्या दारात विटा होऊन रचलेलं आहे.

नदीनं ज्यांचं 'नेलं' त्यात बनाबाई होती. माझी शेजारीण, नात्यानं लांबची चुलती, म्हणून मी काकी म्हणतो. नवरा गणपतराव ऐन उमेदीत गेला. लेक क्रांती पेठ वडगावला दिलेली. काकीकडं उरली ती नदीकाठची मळी. पुरानं पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेल्या गाळाची ही जमीन इतकी भुसभुशीत, की अनवाणी चाललं तर पाय आत रुतायचा. त्यात वांगी, मेथी, दोडका. रोज सकाळी बुट्टी डोक्यावर घेऊन काकी कोल्हापूरच्या मंडईत जायची. तोंडानं फटकळ. मेथीच्या पेंड्या उलट्यासुलट्या करणाऱ्या गिऱ्हाईकाला म्हणायची, "पावणं, भाजी घेताय का पोरगी बघताय?" तरी गिऱ्हाईक तिच्याकडंच यायचं, कारण तशी वांगी दुसऱ्या कुणाकडं नसायची.

मळीला लागून वरच्या अंगाला तिच्या पुतण्याची, धैर्यशीलची मळी. मध्ये एक बांध. धैर्यशील म्हणजे पांढरा शर्ट, गळ्यात साखळी आणि बोलण्यात सदा 'विकास'. आधी त्यानं काठावरची करंजाची आणि वाळुंजाची झाडं तोडली. सावलीनं ऊस मार खातो म्हणे. त्या झाडांच्या मुळ्यांनी दरड धरून ठेवली होती, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण मोकळ्या जागेत उसाच्या दोन सऱ्या जास्त बसत होत्या. दोन सऱ्यांसाठी आमचा माणूस काय वाट्टेल ते करतो.

मग त्यानं मातीच विकली. वीटभट्टीला. जेसीबी आला, ट्रॉल्या लागल्या. वरची फूटभरच काढणार, असं सांगितलं होतं. खाली मुरूम लागेपर्यंत काढली. शेताची विहीर झाली. त्याचं बघून काठावरच्या निम्म्या गावानं तेच केलं, आणि जो तो दुसऱ्याच्या खड्ड्याकडं बोट दाखवायला मोकळा. जेसीबीनं जाता जाता मधला बांधही दोन्ही अंगांनी कोरला, काकीकडची मातीही ट्रॉलीत भरली. त्यावरनं शेळी चालली तरी तोल जाईल एवढाच उरला. मला त्या यंत्रापेक्षा शेजारी उभं राहून फोनवर हसणाऱ्या धैर्यशीलची किळस आली.

काकी पहिल्याच दिवशी यंत्रापुढं जाऊन उभी राहिली होती.

"काकी, बाजूला व्हा. माझ्या शेतातली माती मी विकतोय. तुमच्या पोटात का दुखतंय?"

"तुजं कुठलं आन् माजं कुठलं, हे मातीला ठावं हाय व्हय रं? तू खड्डा पाडलास की माजं शेत तुज्या खड्ड्यात येणार."

"काय येत न्हाई. बांध हाय की मधी."

पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी पात्राबाहेर आली. झाडं नसलेल्या काठावरनं पाणी सरळ धैर्यशीलच्या खड्ड्यात शिरलं आणि तिथं गरगरत राहिलं. काकीच्या मळीला आता एका अंगानं नदी आणि दुसऱ्या अंगानं खड्डा. पूर असेपर्यंत जमीन टिकली. पाणी उतरायला लागलं तसा तिचा आधार सुटला. आम्ही उंचावर उभे राहून बघत होतो. आधी तो बांध विरघळला. मग मळीला भेगा पडल्या आणि एकेक तुकडा धबाक्‌दिशी पाण्यात बसायला लागला. वांग्याची झाडं उभीच्या उभी, वांग्यांसकट खाली गेली. काकी धावली. मी तिचा दंड धरला, तर तिनं माझ्या हाताला चावा घेतला. तरी मी सोडलं नाही.

संध्याकाळी धैर्यशीलनं त्याच पडलेल्या दरडीसमोर उभं राहून फोटो काढला आणि स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'निसर्गापुढे माणूस हतबल'. आणि निम्म्या गावानं त्याला हात जोडल्याची चित्रं पाठवली. पाहणीला आलेल्या साहेबांनाही चहा पाजत त्यानंच सगळं समजावून सांगितलं. काकी बोलायला लागली, तर "आजी, तुम्ही बसा" म्हणून तिला खुर्ची दिली. एखाद्याला गप्प बसवायला खुर्ची फार उपयोगी पडते.

क्रांती न्यायला आली. काकी गेली नाही. "माजं घर हितं हाय," एवढंच म्हणाली.

मग नवरात्र आलं. आमच्याकडं घट बसवताना माती आपल्याच शेतातली लागते. मागून आणलेली चालत नाही. ती पत्रावळीवर पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्यानं भरलेला घट ठेवायचा. आपल्या मातीत कस किती, ते घरात बघायचं. यंदा गावात काय झालं असेल? धैर्यशीलची बायको पूर्णिमा कोल्हापुरातनं प्लास्टिकच्या पिशवीत माती विकत घेऊन आली! आणि ती एकटी नाही, निम्मं गाव पिशव्या घेऊन आलं. शेतकऱ्यांच्या घरात विकतची माती! मला तर थुंकावंसं वाटलं, आणि मी थुंकलोही.

मी काकीला माझ्या शेतातली माती देऊ केली. "तुजी माती तुज्या देवाला," ती म्हणाली. ती उठली आणि धैर्यशीलचा नवा बंगला चालला होता तिथं गेली. त्याच भट्टीवरनं आलेल्या विटांच्या ढिगातली एक वीट उचलली.

"काकी, वीट कशाला?" धैर्यशीलनं हसत विचारलं.

"माजी माती हाय. न्हेऊ नको व्हय?"

तिनं ती अख्खी वीट पत्रावळीत ठेवली, तिच्यावर धान्य पसरलं, शेजारी घट ठेवला आणि रोज पाणी घालू लागली. दाण्यांना कोंब आले, का नाही येणार? पण मुळ्यांना शिरायला जागा कुठं होती? त्या विटेवरनं नुसत्या पांढऱ्या वळवळल्या आणि सुकल्या. मग बुरशी धरली. मग कुजलं. दर्शनाला येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून जाऊ लागल्या. कुणी म्हणालं, टाक ते. काकीनं टाकलं नाही.

दसऱ्याला पारावर सगळे सोनं वाटत होते. घरातल्या थोरल्या बाईनं घटाचे कोंब पुरुषांच्या टोपीत खोवायचे, ही आमची रीत. धैर्यशीलच्या घराण्यात थोरली आता बनाकाकीच. ती पत्रावळ घेऊन आली. चारचौघांत पाया पडण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. तो वाकला. काकीनं त्याची टोपी उचलली, विटेवरचा तो सगळा लगदा हातानं खरवडून त्याच्या केसांवर थापला आणि वरनं टोपी घट्ट बसवली.

"तुज्या काकाच्या मळीतलं हाय, धैर्या. देवाचं हाय. डोस्क्यावर घे."

देवाचं म्हटल्यावर झटकून टाकायची सोय राहिली नाही. कुजकं पाणी त्याच्या कपाळावरनं पांढऱ्या शर्टावर ओघळलं. त्या दिवशी नदीचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काढलं. आम्ही सुधारणारी माणसं नव्हेत.

ती वीट काकीनं धुऊन दारात ठेवली आहे. कालपरवा पूर्णिमा मागायला आली होती, बंगल्याचं काम संपत आलंय, विटा कमी पडतात म्हणून. काकी उंबऱ्यातनं उठलीसुद्धा नाही.

"वीट न्हवं बाई ती," म्हणाली, "माजं शेत हाय."