सोमवारचं रिकामं ताट

१९६५ साल. मी तेहेतीस वर्षांचा. शिक्षण दुसरी नापास, पण बोललेला शब्द कधी मागे घेतला नाही. लढाई झालेली, धान्याची टंचाई होती. पंतप्रधानांनी सांगितलं, सोमवारी रात्रीचं जेवण सोडा. पनवेलच्या बाजारात चहावाल्याच्या रेडिओवर उभ्यानं ऐकलं. चहावाला म्हणाला, आधी स्वतःच्या घरात करून बघितलं, मग आपल्याला सांगितलं. पंतप्रधान म्हणजे अंगानं एवढासा माणूस म्हणे, बोलणंही हळू. मला पटलं. तिथंच ठरवलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली नाही. बायकोचा शंकराचा सोमवार असायचा. दिवसभर उपास, दिवेलागणीला सोडायचा. आणि आमच्यात नवरा जेवल्याशिवाय बायको ताटावर बसत नाही. मी जेवणार नाही, म्हणजे तिचा उपास सुटणार नाही.

पहिल्या सोमवारी पोरं जेवली, आई जेवली, ही पाणी पिऊन आडवी झाली. दुसऱ्या सोमवारी तेच. भातकापणीचे दिवस. मंगळवारी शेतात ती विळा खाली ठेवून दोनदा बांधावर बसली.

आई म्हणाली, "दिल्लीवाल्याचा ऐकतोस. घरातलीचा कोन ऐकल?"

"तिला जेव म्हन. मी कुटं आडवलाय?"

"तुमी एक घास खावा," बायको म्हणाली, "मंग मी बसते."

"एक घास म्हंजे जेवनच की."

"मंग ऱ्हावा. मी पन तुमचीच बायको हाय."

तिसऱ्या सोमवारी मी पाटावर जाऊन बसलो. रिकामं ताट पुढे घेतलं, तांब्याभर पाणी प्यालो, ताटात हात धुतला. म्हटलं, "झाला माजा जेवन. आता बस."

"देवाला फसवता का दिल्लीला?"

"कुनाला नाय. तुला जेवायला बसवतो."

ती हसली आणि भात वाढून घेतला. मी समोरून उठलो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ती जेवताना कशी दिसते ते मी तेव्हा पाहिलं.

त्याच हिवाळ्यात पंतप्रधान परमुलखात वारले. गावानं हळूहळू सोमवार सोडला. मी अजून सोडलेला नाही. लोक हट्टी म्हणतात, म्हणोत. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण माझ्या घरात त्याचा शब्द अजून चालतो.

त्या तिसऱ्या सोमवारनंतरची सकाळ सांगायची राहिली. तिनं नेहमीसारखी भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे ठेवली. मी ताट तिच्याकडे सरकवलं, आणि तिचं खाऊन होईपर्यंत अंगणात तिच्या विळ्याला धार लावत बसलो.