विकायचा नसलेला फोटो

काल झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी फोटोग्राफीच्या पदवीचा अर्ज भरत होती. ‘कलात्मक की व्यावसायिक’ या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं आणि मला माझा अर्ज आठवला. तेव्हा आई माझ्या शेजारी उभी होती. “तुला आवडेल ते लिही, माझ्याकडे बघू नकोस,” ती म्हणाली. मी बघितलंच. शिवणकामाने वाकलेली तिची पाठ दिसली आणि मी ‘व्यावसायिक’ लिहिलं.

पुढे तीस वर्षं साड्यांचे, बिस्किटांचे, कुकरचे फोटो काढले. संसार नीट झाला, तक्रार नाही. एकदा मटार सोलता सोलता आई म्हणाली, “माझा एक फोटो काढ रे, असाच, घरात ठेवायला.” मी सवयीने दिवे मांडले, पडदा ओढला, तिची मान तीनदा सरळ केली. शेवटी ती म्हणाली, “अरे, मी काय कुकर आहे?” आणि खळखळून हसली. तेवढ्यात मी बटण दाबलं.

फोटो थोडा हललाय. गिऱ्हाइकाने तो परतच पाठवला असता. आता आई नाही. तिचे नीट आलेले फोटोही घरात आहेत, पण तिचं हसू ऐकू येतं ते याच फोटोतून.